फिक्स सायकल आणि एक टक्

भाजीमंडईत तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग लागले, हरभऱ्याच्या डहाळ्यांच्या पेंढ्या आल्या, वालाच्या शेंगांसाठी बायका एकमेकींना कोपरं मारायला लागल्या, की लातुरात कुणाला कॅलेंडर बघावं लागत नाही. येळवस आली. पंचांगवाले तिला वेळ अमावस्या म्हणतात, म्हणोत बापडे. काल संध्याकाळी मी भज्जीसाठी, म्हणजे येळवशीच्या मिसळभाजीसाठी, शेंगा सोलत ओट्यावर बसले होते. गल्लीतून एक बाई सायकलवर गेली. खर्र, खर्र, खर्र. माझा हात थांबला. चैनकव्हर दबलंय आणि चैन त्याला घासतेय, मी मनात म्हटलं, आणि तेवढ्यावर न भागून मोठ्यानंही म्हटलं. बाईनं वळून माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्या स्वयंपाकाला नाव ठेवलं.

आतून आमचे साहेब म्हणाले, लोकांच्या सायकलींच्या नाड्या बघणं बंद कर, एखाद दिवशी मार खाशील. साहेब म्हणजे माझे यजमान, दिनकर. नांदेडला एका सरकारी कार्यालयात कारकून आहेत, शनिवारी लातूरला येतात आणि सोमवारी पहाटे परत जातात. साहेब त्यांना फक्त मी म्हणते, कार्यालयात कुणी म्हणत नाही. त्यांचं बोलणं खरं आहे, ही खोडच आहे. पण ज्या साली ती मला लागली त्या सालची येळवस मी जन्मात विसरायची नाही, आणि खोड तर मुळीच सोडायची नाही.

आपल्या भाषेत आवाजाला नावांची ददात नाही. कुरकुर, करकर, किरकिर, खडखड, कचकच, कटकट. निम्मी नावं आपण माणसांनाही लावून मोकळे होतो. सून कुरकुरते, लेकरू किरकिर करतं, सेवानिवृत्त माणूस कटकट करतो. माणसाच्या बाबतीत नाव चुकलं तर भांडण होतं, तेवढंच. सायकलच्या बाबतीत नाव चुकलं की भलतंच नटबोल्ट खोललं जातं. कुरकुरणारी सीट वेगळी, करकरणारी कोरडी चैन वेगळी, छर्रे फुटलेल्या चाकाची घरघर वेगळी. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. मला गरज पडली म्हणून कान देऊन शिकले.

मी शाळेत खेळ शिकवते. खो-खो, कबड्डी, लेझीम आणि शिट्टी. घरातसुद्धा ही शिट्टी वाजवूनच चहा मागते, असं साहेब पाहुण्यांना सांगतात. तर त्या येळवशीच्या आदल्या साली, पावसाळा सरता सरता मला ताप आला. ताप गेला आणि जाताना पाय घेऊन गेला. सकाळी खाटेवरून उतरले ती खालीच बसले. नांदेडला मोठ्या दवाखान्यात नेलं. नसांचा आजार, तिथले डॉक्टर म्हणाले. उजवा पाय दिवाळीच्या सुमारास परत आला, उशीर झालेल्या पोरासारखा, मान खाली घालून. डावा आला नाही. जरा हलायचा, पण भार घ्यायचा नाही. तळवा तर असा बधिर की त्याच्यावर गरम पाणी सांडलं तरी मला डोळ्यांनी बघून कळायचं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. जे यायचं ते वर्षभरात येतं, त्यानंतर आलं तर नशीब. मी म्हटलं, डॉक्टर, मी पीटीची बाई आहे, नशीब हा विषय आमच्याकडे नसतो. त्यांना हसू आलं नाही.

शाळेनं मला ग्रंथालयात बसवलं. पुस्तकं बिचारी काही वाईट नसतात, पण त्या खोलीच्या खिडकीतून सबंध मैदान दिसायचं. माझ्या जागी आलेले सर शिट्टी इतकी मिळमिळीत फुंकायचे की मैदानावरची पोरं निवांत गप्पा मारत उभी राहायची. माझी आत चडफड व्हायची. उठून खिडकीशी जाऊन ओरडायचं म्हटलं तरी आधी काठी शोधावी लागायची, आणि काठी हाताला लागेपर्यंत तास संपायचा. त्या खिडकीशी बसून मी ठरवलं होतं, की मैदानावर जाईन तर स्वतःच्या पायांनी, नाहीतर नोकरी सोडीन. लंगडत चालले तरी चालेल. पण पाय माझा पाहिजे.

लातुरात मला व्यायाम द्यायला मेघना नावाची फिजिओथेरपिस्ट होती. गोड मुलगी, पण कामाला कडक, म्हणून आमचं जमलं. ती माझा डावा पाय दोन्ही हातांत धरून म्हणायची, ढकला मॅडम. मी दातओठ खाऊन ढकलायचे. म्हणजे मी ढकलते आहे असं मला वाटायचं. तिच्या हाताला काही लागायचं नाही आणि ती तोंडावर काही दाखवायची नाही. तिच्याकडे विजेवर चालणारं एक पायडलचं यंत्र होतं. आपण नुसतं बसायचं, यंत्र पाय फिरवतं. फिरता फिरता एखाद दिवशी पायाला रस्ता आठवतो, ती म्हणायची. मला ते यंत्र डोळ्यांसमोर नको व्हायचं. समोर भिंत, भिंतीवर सांगाड्याचं चित्र, आणि मी जागच्या जागी दळण दळते आहे.

त्याच यंत्रावर बसलेली असताना मला औशाचा सायकलवाला आठवला. माझं माहेर औशाकडचं. लहानपणी गावात एक सायकलवाला यायचा, मैदानात दिवसच्या दिवस सायकलवरून न उतरता गोल गोल फिरायचा. सायकलवरच आंघोळ, सायकलवरच जेवण, सायकलवरच दाढी. भोंग्यावर गाणी लागायची, बायामाणसं पोत्यावर बसून बघायची. सगळ्यांत भारी म्हणजे तो सायकल मागे चालवायचा. मला ते काही केल्या उमगेना. एकदा तो संथ फिरत होता तेव्हा मी सोबत पळत त्याला विचारलं, आणि त्यानं सांगितलं की ही फिक्स सायकल हाय बाई, हिला फ्रीवेल न्हाई. चाक फिरतंय तोवर पाय फिरवायचाच, थांबला की पडला.

साध्या सायकलला मागच्या चाकात फ्रीवेल असतं, म्हणून उतारावर आपण पाय थांबवतो आणि चाक पळत राहतं. फिक्सला ती सवलत नाही. चाक फिरलं की पायडल फिरणार, पायडल फिरलं की पाय फिरणार, मग तो पाय जिवंत असो की मेलेला. मेघनाचं यंत्रच, फक्त भिंत नाही. मी त्या शनिवारी साहेबांना म्हटलं, माझी जुनी सायकल नांदेडला न्या आणि फिक्स करून आणा. साहेब म्हणाले, पाय गेला तो गेला, आता डोकं पण घालवून राहिली का. मी शिट्टी शोधायला लागले तशी त्यांनी एसटीच्या टपावर सायकल चढवली.

नांदेडच्या जुन्या भागात एका चाचांचं दुकान आहे. मोठा दिलदार माणूस, कामापेक्षा बोलणं जास्त. त्यांनी फ्रीवेलला सरळ वेल्डिंग मारून ते बंद केलं, पुढे हाताचा ब्रेक बसवला, आणि डाव्या बाजूला पायडलचा दांडा जरा आखूड घातला, म्हणजे दुखऱ्या पायाला फार वर उचलायला नको. साहेब ते सगळं होईस्तोवर दुकानात बाकड्यावर बसून होते, हे पुढे कामाला आलं. सायकल लातूरला आली तेव्हा साहेबांनी ऐटीत बसून एक चक्कर मारली. कोपऱ्यावर सवयीनं पाय थांबवला, आणि सायकलनं त्यांना उचलून गटारीच्या कडेला ठेवलं. त्यानंतर त्यांनी तिला हात लावला तो फक्त पुसायला, नाहीतर पाना फिरवायला. ती सायकल माझी एकटीची झाली.

डावा पाय ट्यूबच्या रबरानं पायडलाला बांधायचा, उजव्यानं जोर लावायचा, निघायचं. उन्हाळाभर, मग पावसाळाभर, रोज सकाळी शाळेच्या मैदानाभोवती. पहिल्या महिन्यात किती वेळा पडले ते माझ्या कोपरांना विचारा. पण पाय फिरायचा. मी वरून बघायचे, माझाच पाय शेजारच्याचा असल्यासारखा फिरतोय. येईल तो, मी म्हणायचे, न येऊन जातो कुठं. सोयाबीनच्या काढण्या झाल्या, गल्ल्यांत आकाशकंदील लागले, वर्ष भरलं. मेघनानं पाय धरला, ढकला मॅडम म्हणाली, मी ढकलला. तिनं पाय हळूच खाली ठेवला आणि म्हणाली, मॅडम, आता आपण उजवा अजून मजबूत करू. मला त्याचा अर्थ कळला. घरी येऊन मी आंघोळीला बसले आणि पाण्याचा नळ सोडून मनसोक्त रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी परत सायकल काढली, कारण न काढून करणार काय होते.

आणि माझा भाऊ राजू याला फोन करून सांगितलं, की यंदा येळवशीला मी शेतात सायकलवर येणार, लातूरहून. राजू औशाच्या अलीकडे आमचं शेत करतो. मोठा हळवा, पण बोलणं वसकन अंगावर आल्यासारखं. तो म्हणाला, अक्का, जीप पाठवतो, उगं येडेपणा करू नको. मी म्हटलं, जीप पाठव, तुझ्या बायकोला फिरवून आण. शेवटी तो कबूल झाला. त्यानंतर आठवडाभरातच सायकल वाजायला लागली.

टक्. इतकाच आवाज. मग जरा वेळानं परत, टक्. पहिल्यांदा वाटलं खडा उडाला. दुसऱ्या दिवशी परत आला. मी चिडले. फिक्स सायकलवर आवाज ही काही हसण्यावारी न्यायची गोष्ट नसते. चैन तुटली, वेल्डिंग सुटलं, तर पाय बांधलेला माणूस जातो कुठं. आणि आवाज शोधायची जी सोपी रीत असते ती फिक्सवर चालत नाही. साध्या सायकलवर पाय थांबवून कान द्यावा. आवाज थांबला तर दोष पायडल-चैनेत, चालू राहिला तर चाकात. इथं पाय थांबवायची सोयच नाही. ऐकायचं तर फिरता फिरता ऐकायचं.

साहेब आले तसं त्यांनी सायकल उलटी टाकली, हातानं पायडल गरगर फिरवलं. आवाज नाही. म्हणाले, तुझ्या कानात वाजून राहिलं. मग सीटवर आले. सीटच्या स्प्रिंगा आवळल्या, तेल घातलं, मी चक्कर मारली. टक्. मग चाचांना फोन. साहेबांनी फोन हातात धरून माझ्या बाजूनं पळायचं आणि मी सायकल चालवायची, म्हणजे चाचांना नांदेडला आवाज ऐकू जाईल. गल्ली दारांत उभी राहून बघत होती. चाचांना साहेबांच्या धापेशिवाय काही ऐकू गेलं नसणार, तरी ते ठामपणे म्हणाले, "चैन है मॅडम, चैन. करकर करतीच है." मी म्हटलं, चाचा, करकर नाही, टक् आहे. ते म्हणाले, वही तो. पुढच्या शनिवारी साहेबांबरोबर नवी चैन आली, घातली, ताण बघितला. टक्.

मग मी शिट्टीवाली बाई झाले. मुलांची कवायत घेताना आम्हांला ठेका चुकलेला एक पाय शंभरांत ऐकू येतो. मी चालवता चालवता मोजायला लागले. पायडलाचा एक फेरा होतो तेवढ्यात मागचं चाक दोनदा फिरून वर आणखी फिरतं. आवाज चाकाबरोबर येत नव्हता. चैनेचा एखादा दुवा अडकत असता तर आवाज दर फेऱ्याला जागा बदलून आला असता. हा बेटा पायडलाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा यायचा, ठरल्या जागी, जरा पुढे गेल्यावर त्याचाच एक बारीक भाऊ, टुक्. आणि काही सकाळी यायचाच नाही. म्हणजे दोष पायडलाच्या अंगाचा. साहेबांनी उजव्या बाजूचं मोठं चक्र तपासलं, दात मोजले, उजवं पायडल खोलून छर्रे बदलले, उजव्या दांड्याचा नट आवळला. उजवीकडेच सगळं. चैन उजवीकडे, चक्र उजवीकडे, जोर उजव्या पायाचा. डावीकडे वाजायला आहेच काय, साहेब म्हणाले, नुसता दांडा आणि लटकलेलं पायडल. मलाही ते पटलं. डाव्याकडून मीसुद्धा तोवर काही मागायचं सोडलं होतं.

राजूच्या कानावर गेलंच. तो म्हणाला, वाजणारी सायकल घेऊन मोठ्या रस्त्याला यायचं न्हाई, आवाज गेला तर ये, न्हाईतर गुमान जीपमधी बस. ते काही चुकीचं नव्हतं म्हणून जास्तच राग आला. पण ती ठरली जागा नेमकी हेरायची तर टक् नीट ऐकू यायला हवा, आणि लातुरात ते म्हणजे दिव्य. शिकवण्यांच्या मागे धावणाऱ्या पोरांच्या दुचाक्या, ऑटो, भोंगे, लग्नाचे बँड. आवाज ऐकू यावा म्हणून मी पहाटे निघून बघितलं, तर पहाटेच्या शिकवण्यांची पोरं माझ्या आधी रस्त्यावर. हे शहर झोपत नाही आणि कुणाला ऐकूही देत नाही.

गप्प बसतं ते वर्षातून एकदाच. येळवशीला. त्या दिवशी सगळं लातूर शेतात जातं. ज्याला शेत नाही तो मित्राच्या शेतात, ज्याला मित्र नाही तो ओळखीपाळखीवर. दुकानांना कुलपं, शिकवण्या बंद, ऑटो नाहीत. चौकात कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपतात. बाहेरगावचा नवा माणूस आला तर त्याला वाटतं गावात काही विपरीत घडलं. त्या सकाळी घराघरांतून आंबिलाचा आंबूस वास घेऊन गाड्या निघून गेल्या. मी साहेबांना म्हटलं, राजूला सांगा मागून येतो, आणि सायकल रस्त्यावर काढली.

रिकामा रस्ता, थंडी, आणि माझ्या टायरची नुसती सरसर. इतकी शांतता मी लातुरात कधी ऐकली नव्हती. दोन-चार फेऱ्यांत तो आला. टक्. मी मान खाली घालून बघत राहिले. पायडल कुठं आहे तेव्हा येतो? डावं पायडल वरून पुढे निघतं, नेमकं तिथं. टक्. डावं खालून मागे वळतं, टुक्. मी परत बघितलं. परत तिथंच. मी थांबून रबर सोडलं, डावा पाय बाहेर लोंबकळत ठेवून एकट्या उजव्यावर चौकापर्यंत गेले आणि आले. काही नाही. सायकल मुकी. पाय परत बांधला. टक्.

मी साहेबांना हाक मारली. ते स्कूटर बंद करून तिच्यावर बसले होते. मी खाली बसून मागचं चाक दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि त्यांना डावा दांडा हलवायला लावला. हलला. बोटभर नाही, नखाएवढा, पण हलला. दांडा आतल्या दांडीवर ज्या खिळीनं ठोकलेला असतो तिला कॉटर म्हणतात, ती ढिली होती. साहेबांनी वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं, हा तर पहिल्या दिवसापासून ढिला हाय," ते म्हणाले. "आखूड दांड्याला कॉटर बसत नव्हती, म्हणून चाचानं माझ्यासमोर पत्र्याचा तुकडा घालून ठोकली होती. हा बघ पत्रा."

"पहिल्या दिवसापासून ढिला," मी म्हटलं, "मग इतके महिने वाजला का नाही?"

साहेब दगड शोधत होते कॉटर ठोकायला. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कुणी दाबलंच नसंल."

ते म्हणून गेले आणि दगड हातात घेऊन तसेच उभे राहिले. ती सायकल माझ्याशिवाय कुणी चालवत नव्हतं. इतके महिने चाक माझ्या पायाला ओढत होतं, म्हणून ढिला दांडा एकाच बाजूला टेकून गप्प होता. तो वाजायचा तर कुणीतरी त्याला उलट बाजूला ढकलायला हवं. पायानं चाकाला ढकलायला हवं. तळवा बधिर, मला कसं कळणार? वर्ष भरल्यावर मेघनानं डावा पाय हातात धरून बघणं सोडलं होतं आणि मीही त्याच्याकडून काही मागणं. उजव्याकडे बघत होतो आम्ही सगळे. चैन बदलत होतो.

मला खात्री करून घ्यायची होती. पाय बांधला, निघाले. मैदानावर पोरांना देते तशी मनात डाव्या पायाला आज्ञा दिली. दाब. टक्. परत, दाब. टक्. मग म्हटलं, सोड आता, मी काही सांगत नाही, फिर नुसता. तीन-चार फेरे सायकल मुकी गेली. दाब. टक्. पायाला अजूनही काही लागत नव्हतं, पण कानाला लागत होतं. मी रस्त्याच्या मधोमध, झोपलेल्या कुत्र्यांना वळसे घालत, मोठ्यानं रडत होते आणि मोठ्यानं ओरडत होते, दाब, दाब, दाब. बरं झालं गाव शेतात गेलं होतं. साहेब मागून पळत येत होते, हातात अजून तो दगड.

आता त्या जागी नवी, बरोबर मापाची कॉटर आहे. संक्रांत होईपर्यंत मी ती बसवू दिली नाही. मेघनाला मी क्लिनिकच्या दारातच सायकलवर बसून तो आवाज ऐकवला. तिला आधी वाटलं मी सायकल दाखवायला आले. मग तिनं पाय हातात घेतला, ढकला मॅडम म्हणाली, आणि हाताला लागलं तशी बराच वेळ पाय सोडलाच नाही. पुढे होळीनंतर मी मैदानावर गेले. डावा पाय अजून पूर्ण माझ्या बाजूचा नाही, थंडीत हट्ट करतो, लंगडते मी. मिळमिळीत शिट्टीवाले सर आता ग्रंथालयाचं बघतात, तिथं त्यांचा आवाज अगदी योग्य आहे.

पण त्या येळवशीला कॉटर दगडानं ठोकूनही पुरती बसली नाही. साहेब म्हणाले, निघणार नाही, वाजत राहील, चल जीप बोलावू. मी म्हटलं, बोलवा, आणि तिच्यात तुम्ही बसा. शेवटी ते स्कूटरवर माझ्यामागून, बैलगाडीच्या वेगानं, औशाच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना ज्वारी पोटऱ्यात आलेली, तुरी पिवळ्या पडलेल्या, बांधाबांधावर माणसं. मी वाटेत तीनदा बसले, पाणी प्यायले, परत निघाले. चढावर आवाज वाढायचा. तेवढ्यासाठी मला चढ हवेसे वाटत होते.

शेतात पोचले तेव्हा कडब्याच्या कोपीपुढे पूजा उरकत आली होती. चुना लावलेल्या पाच पांडवांच्या दगडांपुढे भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. राजू आंबिलाचं मडकं घेऊन पिकात आंबील शिंपडत, ओलगे ओलगे सालम पोलगे म्हणत फिरत होता. त्याचा अर्थ आमच्यात कुणाला येत नाही, प्रत्येक शिवारात शब्दही जरा वेगळे असतात, पण म्हटल्यावाचून येळवस होत नाही. पाणंदीतून मी वळले तशी त्याची बायको कमल कोपीतून बाहेर धावली. राजू मडकं घेऊन तसाच बांधावर उभा राहिला. त्याचं ओलगे ओलगे थांबलं आणि त्या शांततेत माझी सायकल जवळ येत गेली. टक्. टक्. टक्.

राजूचं तोंड उतरलं. मडकं खाली ठेवून तो साहेबांकडे बघायला लागला, कशी आणली हिला म्हणून.

"अक्का," तो म्हणाला, "सायकल तर अजून वाजायलीय की."

मी रबर सोडलं, डावा पाय हातानं न उचलता काळ्या मातीत टेकवला आणि त्याला म्हटलं, "सायकल न्हाई रे. पाय वाजायलाय."